पाला, काडीपेटी आणि भीती



परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला एका पोराचा फोन आला. शेजारच्या तालुक्यातला. वय असेल 28-30. आपल्या पानावरच्या नोंदी वाचतो म्हणाला. 2 एकर ऊस, लावणीची तोड होऊन आठवडा झालाय, पाला तसाच फडात पडलाय आणि वडील म्हणतात रविवारी पेटवायचा. "मला पेटवायचा न्हाई काका. पण पेटवला न्हाई आणि खोडवा गेला तर? सोसायटीचं कर्ज हाय. घरात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई." जरा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं, "तुम्हाला कवा भीती वाटली न्हाई का?"

मी म्हणलं, वाटली की. अजून वाटते.

त्याला बहुतेक हे उत्तर नको होतं. "बरं बघतो" म्हणून फोन ठेवला त्यानं. मला मात्र झोप लागेना. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

हल्ली मोबाईल उघडला की कोणीतरी सूट घातलेला माणूस सांगत असतो, भीती मनातून काढून टाका, झोकून द्या, यश तुमचंच आहे. त्याचं झोकून देणं आणि आपलं झोकून देणं यात फरक आहे. त्याचा एक व्हिडिओ पडला तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा टाकतो. आपला खोडवा गेला तर वर्ष जातं, आणि सातबारावर बोजा असला तर माणूस दोन वर्षं मागं सरकतो. शेतकऱ्याला भीती वाटते ती त्याला हिशोब कळतो म्हणून वाटते. माझी तक्रार वेगळीच आहे. आपण हा हिशोब पुरा करत नाही. अर्धाच करतो आणि झोपतो.

माझंच सांगतो.

आमच्या घरात पाला पेटवायची पद्धत माझ्या आज्यापासनं. तोड संपली, टोळी हलली, की दोन दिवसांत संध्याकाळी वारं पडल्यावर काडी लावायची. अर्ध्या तासात रान काळंभोर. बघायला बरं वाटायचं हे खोटं कशाला सांगू, रान कसं साफ दिसायचं. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, राख हेच खत. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. राखेत पालाश राहतं, थोडं स्फुरद राहतं. जातं ते नत्र, आणि जातो तो सेंद्रिय कर्ब, धूर होऊन. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की रान घट्ट होत चाललंय, पावसाचं पाणी मुरत नाही, वाफसा लवकर येत नाही. खोडव्याला एकरी 40 टन पडायचे ते खाली खाली येत होते आणि खताची पोती वर वर जात होती.

पाला जाळू नका हे काय कोणी सांगत नव्हतं असं नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माणसं सांगत होती. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर तर नांगरटच नको इथपर्यंत पोचले होते आणि वर्तमानपत्रांतनं लिहीत होते. मी वाचायचो. सभेला जायचो, मान हलवायचो. घरी येऊन काडी लावायचो. असं 5-6 वर्षं केलं.

का केलं? भीती होती. पाल्याखाली खोडवा फुटणार नाही, कोंब कुजतील. उंदीर लागतील. साप असेल म्हणून बायका भांगलायला येणार नाहीत. सरीतनं पाणी पुढं सरकणार नाही. शेजाऱ्यानं त्याचा फड पेटवला की आपला पण जाईल. एक एक भीती खरीच होती, मनाची नव्हती.

2011 च्या मार्चात तोड झाली तेव्हा एका रात्री मुलीच्या शाळेच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि ह्या सगळ्या भीत्या एकाखाली एक लिहिल्या. पुढं लिहिलं, ही खरी ठरली तर किती रुपये जातील. फुटवा कमी आला तर इतके. पाण्याला एक मजूर जादा लागला तर इतके. उंदरांनी खाल्लं तर इतके. सगळं लिहिलं आणि खाली शेवटची ओळ लिहिली, "आप्पा आणि गाव काय म्हणतील." त्याच्यापुढं रुपये लिहायला गेलो तर काही लिहिताच येईना. पेन धरून तसाच बसलो. घरातली म्हणाली, झोपा आता, दिवा घालवा.

त्या ओळीपायी 5-6 वर्षं गेली होती. बाकीच्या भीत्यांना आकडा होता, आकडा असला की माणूस तोंड देऊ शकतो. बिनआकड्याची होती तीच सगळ्यात वर बसली होती, आणि पुढं मात्र मी उंदरांना करत होतो. कोणी विचारलं की सांगायचो, उंदीर लागतात हो.

मग 10 गुंठे ठेवले. बाकीचं पेटवलं. 10 च का, तर हिशोब सोपा पडतो, आणि पार सगळं बुडालं तरी घर चालतं. आणि खरं सांगायचं तर विहिरीपलीकडचे ते 10 गुंठे रस्त्यावरनं दिसत नव्हते. हे मी आजवर कुठं बोललो नव्हतो.

पाला बुडख्यावरनं ओढून सरीत घेतला, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटले, पाला कुजवायचं कल्चर आणून शेणकाल्यात मिसळून टाकलं. युरिया मात्र नाही टाकला. शिफारस ऐकली होती, पण कुजणाऱ्या पाल्यावर युरिया टाकायचा म्हणजे उकिरड्यावर पैसे टाकल्यासारखं वाटलं. तिथंच फसलो. महिन्याभरात खोडवा पिवळा पडायला लागला. पेटवलेलं रान हिरवंगार आणि माझे 10 गुंठे काविळ झाल्यासारखे. आप्पा काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी विहिरीवर येऊन उभे राहायचे, बघायचे आणि जायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कळतं काय झालं होतं. पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं, ते पाल्यात पुरेसं मिळालं नाही की ते जमिनीतलं ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. कुजून झालं की हेच नत्र परत मिळतं, पण तोवर फुटव्याचा काळ निघून जातो. वरनं युरिया टाकायचा तो जिवाणूंसाठी. साधी गोष्ट आहे, कोणालाही विचारली असती तर दोन मिनिटांत सांगितली असती.

पण मी विचारलंच नाही. 3 आठवडे. कारखान्याच्या शेती खात्यातला एक माणूस ओळखीचा होता, रोज गाडीवरनं जायचा, मी त्याला बघून विहिरीच्या पलीकडं व्हायचो. विचारायचं म्हणजे आपलं फसलंय हे कबूल करायचं. शेवटी एक दिवस तोच पाणी प्यायला थांबला आणि त्याला दिसलं. "युरिया किती टाकला होता?" एवढंच विचारलं त्यानं. त्याच संध्याकाळी टाकला आणि पाणी दिलं. 12-15 दिवसांत पान सुधारलं.

त्या 10 गुंठ्यांचा ऊस वेगळ्या गाड्यांनी पाठवला, पावत्या वेगळ्या ठेवल्या. 9 टन भरला. पेटवलेल्या रानात तेवढ्याच जागेला 10 च्या आसपास पडला. म्हणजे 1 टन तोटा. त्या वेळच्या दरानं 2 हजार रुपये, थोडं इकडंतिकडं. 5-6 वर्षं ज्याला भ्यालो त्याची किंमत 2 हजार निघाली. आणि त्या 1 टनातला निम्मा तरी पाल्यानं घालवलेला नव्हता, माझ्या 3 आठवडे न विचारण्यानं गेला होता. करून बघायची भीती मोडली होती, पण चुकलंय म्हणून सांगायची भीती तशीच होती, आणि दुसरी पहिलीपेक्षा महाग पडली.

ज्यांना यंदा करून बघायचंय त्यांच्यासाठी आकडे देतो. कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं कल्चर अशी आहे. 10 गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग धरा. 8 किलो युरिया, 10 किलो सुपर, 1 किलो कल्चर. चहा-पाण्याचा खर्च झाला हा. हेक्टरी 8 ते 10 टन पाला निघतो, म्हणजे 10 गुंठ्यांत 8-10 क्विंटल सेंद्रिय खताचा माल आपल्या रानात फुकट पडलेला असतो. बुडखे जमिनीबरोबर छाटा, वर ठेवू नका, कोंब जमिनीखालनं आला पाहिजे. पाणी सरकत नाही म्हणणाऱ्यांनी एकाआड एक सरीत पाला भरावा आणि मोकळ्या सरीतनं पाणी द्यावं. खत पहारीनं द्या, बुडख्यापासनं अर्धा फूट लांब, तेवढंच खोल, एका बाजूला. पहिला हप्ता 15 दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. पहार मारताना पहिल्या दिवशी माणसं हसतात, म्हणतात रानात खुट्या ठोकतोय काय. दुसऱ्या दिवशी कोण हसत नाही, कारण बघायलाच येत नाही कोणी. गावाला आपल्याकडं बघायला एवढा वेळ नसतो हे मला 45 व्या वर्षी कळलं.

दुसऱ्या वर्षी 20 गुंठे, तिसऱ्या वर्षी एकर केलं. वहीत लिहिलेली एक भीती तिसऱ्या वर्षी खरी झाली. शेजारच्या फडाला काडी लागली, वारं फिरलं आणि आग बांध ओलांडून माझ्यात आली. पाला गेला तो गेला, ठिबकच्या नळ्या वितळून गुंडाळी झाल्या. तो खर्च मोठा होता, 2 हजारात भागला नाही. त्या रात्री वाटलं, बास झालं, चार लोकांसारखं करावं. आप्पाच म्हणाले, "आग बाहेरनं आली, तू न्हाई लावली." एवढंच. माझ्या 10 गुंठ्यांबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते हे. आता तोड झाली की बांधालगतचा 8-10 फुटांचा पट्टा पाला ओढून मोकळा करतो, लगेच पहिलं पाणी देतो आणि शेजाऱ्याला सांगून ठेवतो, पेटवणार असलास तर आदल्या दिवशी फोन कर. करतो तो फोन. भीती गेली नाही, पण तिला काम लावून दिलंय.

आता थोडं कृषी पदवीधर मंडळींसाठी. इथं बरेच जण वाचता म्हणून लिहितो, राग मानू नका. भीती एकट्या शेतकऱ्यालाच वाटते असं नाही. एक तरुण सल्लागार माझ्या बांधावर बसून म्हणाला होता, "काका, मी एक फवारणी जादाच सांगतो. कमी सांगून रोग आला तर शिव्या मला. जादा सांगितली तर कोण विचारतोय?" पोरगं खरं बोललं म्हणून मला आवडलं, पण त्याच्या भीतीचं बिल शेतकरी भरतो हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्हालाही खात्री नसली तर तसं सांगा. "मला पण बघायचंय, 5 गुंठ्यांवर करू, मी येतो बघायला" असं म्हणणाऱ्या साहेबाला आम्ही जास्त मानतो. सगळ्या रानावर करा म्हणणारा आणि काहीच करू नका म्हणणारा, दोघेही आमच्या रानात परत येत नाहीत.

माझी स्वतःची एक भीती राहिली होती, बोलायची. शिक्षण दहावी पास. पुढं बसलेली माणसं डिग्रीवाली असली की जीभ टाळूला चिकटायची. एका शिवार फेरीत अचानक माईक हातात दिला. पाय लटपटत होते, बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. खिशात काही नाही, हातात रानातलं एक ढेकूळ होतं, तेच वर धरलं. म्हणलं, हे 4 वर्षं पाला न जाळलेल्या रानातलं, मुठीत दाबलं की फुटतं. आणि पहिल्या वर्षी माझा ऊस पिवळा पडला होता, तो माझ्या चुकीनं. चूक सांगितली तशी मागनं तीन-चार हात वर आले. "आमचा पण पडलाय हो, काय करायचं?" त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी टनेज सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, प्रश्न आले नसते. हे पान चालू केलं ते त्या दिवसामुळंच. पहिली नोंद टाकायला 8 दिवस लागले मला, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लोक हसतील म्हणून. चुकतं अजून. वाचता तुम्ही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. सगळ्या भीत्या मोडायच्या नसतात. फवारणीची भीती ठेवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते विसरू नका. तोंडाला फडकं न बांधता, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून, "मला काय होत न्हाई" म्हणणारा माणूस धाडसी नाही. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायची भीती ठेवा. खाजगी सावकाराच्या कागदावर सही करायची भीती तर जन्मभर ठेवा. ह्या भीत्यांचा हिशोब करून बघा, समोर जीव नाही तर जमीन येते, आणि त्या 10 गुंठ्यांवर करून बघता येत नाहीत. मी ही एकच कसोटी लावतो. गोष्ट थोड्यावर करून बघता येते का? येत असली तर भीतीला विचारत बसत नाही. येत नसली तर भीती सांगते ते ऐकतो. दरवेळी बरोबर येतं असं नाही. 2019 च्या महापुराच्या आदल्या वर्षी नदीकाठच्या रानात एकदम सगळी लावण केली होती मी, तिथं ही अक्कल चालली नाही. पण तो विषय मोठा आहे, परत कधी.

तर त्या पोराचं. काल त्याला परत फोन लावला. म्हणलं, 2 एकर ठेवू नकोस आणि 2 एकर पेटवू पण नकोस. वडलांना म्हणावं, बाकीचं तुम्ही करा, 10 गुंठे मला द्या, तुमच्या डोळ्यासमोरचे द्या. माझ्यासारखे विहिरीपलीकडं लपवू नकोस. पिवळं पडलं तर लपवून ठेवायची सोय राहायला नको. तो हसला. मग फोन वडलांकडं दिला. माझ्यापेक्षा 10-12 वर्षांनी मोठे असतील. म्हणाले, "तुम्ही लिवताय ते पोरगं वाचून दाखवतंय मला. आमच्या बापजाद्यांनी काय येडेपणा केला का?" मी म्हणलं, तसं नाही दादा, राखेत पालाश असतंच. मग जरा नरम झाले. "या रविवारी. चहा घ्या आणि तुमच्या हातानं पहार मारून दाखवा. मग बघतो."

रविवारी सकाळी जाणार आहे. 8 किलो युरिया आणि कल्चरची पिशवी मोटारसायकलला बांधून ठेवलीय, पहार तेवढी मुलाकडनं मागून घ्यायची आहे. त्या माणसाचा आवाज फोनवर पण भारी होता. चहा पिताना काय काय ऐकून घ्यावं लागणार, याचा विचार कालपासनं चाललाय.